खुंट तुहा, डोया माहा

“माहे डोये मले वापस दे!”

माझी काकू कुंपणावरून माझ्या आईला हे म्हणाली तेव्हा रस्त्याने जाणारा एक अनोळखी माणूस सायकलवरून उतरून उभाच राहिला. त्याला काय वाटलं असेल ते असो. आमच्याकडे बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून डोळ्याचा डोया. आणि काकू मागत होती ते डोळे माणसाचे नव्हते, संत्र्याचे होते.

संत्र्याचं झाड सहसा बी लावून करत नाहीत. बियाचं झाड काटेरी होतं, उंचच उंच जातं आणि फळाला फार वाट पाहायला लावतं. त्याऐवजी जंबेरी नावाच्या आंबट, खडबडीत सालीच्या लिंबाचं रोप वाढवतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याची साल चिरतात आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा, पानाच्या बगलेत असतो तो बारीक कोंब सालीसकट उचलून त्या चिरेत बसवतात. खालच्या जंबेरीला खुंट म्हणायचं आणि त्या कोंबाला डोळा. खुंटाने डोळा धरला की वरची जंबेरी कापून टाकायची. मग डोळा फुटतो आणि त्याचंच झाड होतं. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची. आमच्या घरात डोळा फुटला म्हणून पेढे वाटल्याचं मी कॉलेजातल्या मुलींना सांगितलं असतं, तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

या मुळांवरून आणि फळांवरून माझी आई आणि काकू जन्माच्या वैरिणी झाल्या. मी ते वैर अगदी जवळून पाहिलं आहे.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे. आई दर्यापूरकडची. तिकडे काळी जमीन आणि विहिरींना खारं पाणी, त्यामुळे संत्र्याचं झाड तिने लग्न होईपर्यंत जवळून पाहिलेलं नव्हतं. काकू वरुडकडची. तिच्या वडिलांची बाग होती आणि सासरी येताना तिने माहेरच्या बागेतलं एक रोप बरोबर आणलं होतं. ते आमच्या मागच्या आंगणात लावलं. त्याची साल पातळ, बिया थोड्या, आणि फोड तोंडात टाकली की आधी आंबट लागून मग गोड व्हायची. दरवर्षी अंजनगावहून एक बागवान चाचा आमच्या तालुक्यातल्या बागांचे बहर पाहायला यायचे. ते त्या एका झाडाखाली मुद्दाम येऊन एक फळ सोलायचे आणि म्हणायचे, “भाभी, ये पेड नाई, ये तुमचे आब्बा हायेत.”

रोपं घरी करायची कल्पना काकूची. विहिरीच्या शेतात संत्रा लावायचा आणि तो या झाडाचाच लावायचा, असं तिने ठरवलं. आई मोठी जाऊ. तिने ते ऐकलं, कारण विकतच्या रोपात काय निघेल याचा कुणी भरवसा देत नव्हतं. चाचांनी पोतंभर जंबेरी आणून दिली. आईने तिच्या बिया काढल्या, राखेत चोळल्या, वाफ्यात टाकल्या. उगवलेली रोपं काळ्या पिशव्यांत लावली. आणि मग वर्षभराहून जास्त काळ त्यांना पाणी घातलं. हे मी एका वाक्यात लिहिलं, पण ती वर्षं पाण्याची नव्हती. नळ चार-चार दिवस यायचा नाही. आई शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, आणायची आणि घरात माणसांनी अर्ध्या बादलीत आंघोळ करायची, असा तिचा हुकूम होता. सुट्टीत मी घरी आले की तो हुकूम मलाही.

हिवाळ्यात डोळे भरायचे. तेव्हा त्या दोघी आंगणात समोरासमोर बसत. काकू झाडावरून बोटाएवढ्या जाडीच्या गोल काड्या निवडून आणायची, त्यावरचे डोळे दाढीच्या अर्ध्या ब्लेडने उचलायची आणि आईच्या हातात द्यायची. आई खुंटाची साल चिरून डोळा आत सरकवायची आणि दुधाच्या पिशवीच्या पट्टीने घट्ट बांधायची. हे सगळं तिला काकूने शिकवलं होतं.

“डोया जिता हाये का मेला, थे त्याच्या देठाले इचारा, बाई,” काकू सांगायची. “बोट लावलं अन् देठ गयून पडला, तं समजा धरला. चिपकून बसला, तं मेला.”

“अन् वरचं कवा काटाचं?”

“फुटला का काटाचं. पन जोडाच्या वर चार बोटं ठेवाची. सरय नाई काटाचं, तिरपं काटाचं. उतार डोयाच्या उलट्या आंगाले. पानी डोयावर पडलं तं डोया सडते.”

आईने पहिली चार-पाच रोपं चुकवली. काकूने तिचा मनगटाला धरून हात फिरवला, “अशी. अशी, बाई,” म्हणत. वयाने आणि मानाने धाकटी असलेली जाऊ आपला हात धरून शिकवते, हे आईला फार आवडत असेल असं नाही. पण ती शिकली. आणि एकदा शिकलेली गोष्ट आईच्या हातातून जात नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. अमरावतीच्या कॉलेजात मला पाठवायचं ठरलं तेव्हा बाबा आणि काका दोघेही गप्प बसले होते. बोलल्या त्या या दोघी. काकूने माझे दोन ड्रेस रात्रंदिवस मशीन चालवून शिवले. आईने वसतिगृहात लागणारं गादीपासून चटणीपर्यंत सगळं बांधलं. मला सोडायला दोघी आल्या होत्या आणि परतीच्या गाडीत दोघी रडल्या, असं मला नंतर कळलं. म्हणून हे लिहिताना मला एकीची बाजू घेता येत नाही. ती मला तेव्हाही घेता आली नाही आणि त्यासाठी दोघींनीही माझ्यावर राग धरला.

ती वर्षं वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात यायचं ते कशासाठी, हे सगळ्यांना माहीत आहे. जे वर्तमानपत्रात येत नव्हतं ते हे, की घराघरांत माणसं एकमेकांवर वसकत होती. कापसाच्या बोंडातल्या अळीवरून, विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीवरून, चहात साखर कमी पडली यावरून. गावात जाऊन आलं की आवाजाचा कंटाळा यायचा. वरुडकडे बोअरचं पाणी खाली गेलं आणि बागा उभ्या वाळल्या. काकूच्या भावाने त्यांची बाग तोडली. वडील तोवर गेले होते. लाकूड भरलेला ट्रक निघाला त्या दिवशी काकू तिकडे गेली होती. परत आली ती सरळ मागच्या आंगणात जाऊन झाडाला पाठ लावून बसली. माहेरच्या बागेतलं आता हे एकच झाड उरलं होतं.

आणि तेही तग धरत नव्हतं. त्याच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला होता. पानं पिवळी पडून शेंड्याकडून फांद्या वाळत चालल्या होत्या. त्याच्यावर आता डोळे काढण्याजोगी काडी उरली नव्हती. त्या झाडाचे जिवंत, टपोरे डोळे होते ते आईच्या खुंटांवर. साठ-सत्तर पिशव्यांत.

त्याच वर्षी बाबा आणि काका वेगळे झाले.

कारण काहीतरी मोटारीच्या बिलावरून निघालं. खरं कारण असं काही नसतंच. विहिरीचं शेत आमच्याकडे आलं, काकाकडे कोरडवाहू आणि रस्त्याकडच्या दोन खोल्या. आंगणाच्या मधोमध कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण घातलं. काकूचं मूळ झाड तिच्या बाजूला गेलं. पिशव्या आमच्या बाजूला राहिल्या, कारण पाण्याचा हौद आमच्या बाजूला होता. भांडी, बैल, पंप, सगळं वाटलं गेलं. पिशव्यांचं नाव कुणी काढलं नाही. पुरुषांना त्या दिसल्याच नाहीत.

काकूला त्या हव्या होत्या. तिच्या भावाने नवा बोअर घेतला होता, थोडं पाणी लागलं होतं, आणि तो वडिलांच्या जागेवर पुन्हा बाग लावायचं म्हणत होता. पण वाटेल ती बाग नाही. तीच.

“रोपं माहे हायेत,” काकूने कुंपणाजवळ येऊन सांगितलं. “माह्या बापाच्या झाडाचे डोये हायेत.”

“अन् खुंट?” आई म्हणाली. “थे काय तुह्या बापानं पाठवले होते? राखेत हात माहे काये झाले. गुंडानं माह्या डोक्याले टक्कल पडलं.”

“पानी घालनारा मालक होत असन तं मंग ग्रामपंचायतीचा नयवाला साऱ्या गावाचा मालक झाला.”

“जाय वो! डोया काय हवेत वाढते?”

“अन् खुंट काय फय देते? जंबेरी देते. खाजो मंग जंबेरी. खाऱ्या पान्याची तू, तुले काय फरक पडते.”

त्या दिवशी पहिल्यांदा काकूने आईला ‘तू’ म्हटलं.  नंतरच्या वर्षांत आई सगळं विसरेल असं वाटलं, पण हे विसरली नाही.

यापुढे त्या एकमेकींशी थेट बोलत नसत. काकूची एक शेळी होती, तिच्याशी काकू बोलायची. “काय वो दर्यापूरवाले, किती खाशीन? दुसऱ्याचं खाऊन पोट नाई भरलं का तुहं?” शेळी बिचारी कडुनिंबाचा पाला चावत उभी असायची. आई पिशव्यांना पाणी घालता घालता रोपांशी बोलायची. “प्या रे बाबू, प्या. आयतं खानारे लय हायेत. घालनारं कोनी नाई.” गावातल्या बायका पाणी भरून जाताना मुद्दाम आमच्या मागच्या गल्लीने जायच्या. त्यांना रोज काहीतरी मिळायचं.

गंमत अशी, की त्या तालुक्यात त्या रोपांइतकी जपलेली रोपं दुसरी नसतील. लिंबाच्या फुलपाखराची अळी पडली की काकू पहाटेच कुंपणातून हात घालून पानं उलटून एकेक अळी वेचायची. आई ते पाहून ओरडायची, “हात काढ! माह्या रोपाले हात नको लावू!” काकू शेळीकडे तोंड करून म्हणायची, “मी माह्या पानाले हात लावून राह्यली, तुह्या बुडाले नाई.” बुडाला आईची माती, आईचं पाणी, आईचं शेणखत. वर काकूची बोटं. मध्ये तो जोड, अंगठ्याएवढा फुगीर, ज्याच्यावर दोघींची नजर.

पुरुष यात पडले नाहीत. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते, पण भांडण सुरू झालं की दोघेही एकाच पानठेल्यावर जाऊन एकमेकांकडे पाठ करून उभे राहत.

मग मला विचारण्यात आलं. “तू शिकून राह्यली न? तुह्या मास्तरले इचार,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर काकू वेगळी येऊन हेच म्हणाली. मला खरंच वाटलं, की शिक्षणाचा असा काही उपयोग होऊ शकतो. मी वनस्पतिशास्त्राच्या सरांना वर्ग संपल्यावर गाठलं. त्यांना प्रश्न इतका आवडला, की त्यांनी पुसलेल्या फळ्यावर पुन्हा झाड काढलं. मी सुट्टीत घरी आले आणि कुंपणाजवळ उभी राहून, दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, सरांनी सांगितलं तसं सांगितलं. फळ कसं येणार हे डोळा ठरवतो. झाड किती जगणार आणि दुष्काळ किती सोसणार हे खुंट ठरवतो.

“आयकलं?” आई म्हणाली. “झाड खुंटावर जगते. कॉलेजात सांगतेत.”

“आयकलं?” तिकडून काकू. “फय डोयाचं. कॉलेजात सांगतेत.”

दोघींनी अर्धं-अर्धं घेतलं आणि पुढचे कितीतरी दिवस गल्लीतल्या बायकांना कॉलेजचा दाखला देत राहिल्या. मला वाटलं होतं माहिती मिळाली की भांडण मिटतं. आमच्या सरांनाही तसंच वाटत असावं.

त्यानंतर चाचा आले. दोघींचाही त्यांच्यावर विश्वास होता. आईने चहा दिला, तिकडून काकूनेही दिला. चाचा कुंपणाजवळ खाटेवर बसून दोन्ही कप प्याले. सगळं ऐकून घेतल्यावर ते दाढीवर हात फिरवत म्हणाले, “आसान हाये भाभी. छोटी भाभी आपले डोये निकालून घेतील, बडी भाभी आपला खुंट ठेवतील. झगडा खतम.” आणि स्वतःच हसले.  आई कप उचलून घेऊन गेली. मला आठवतं, जाताना ती पिशव्यांच्या ओळीकडे पाहत होती.

आषाढात काकूचा भाऊ टेम्पो घेऊन आला.

मी तेव्हा घरी होते. काकूने त्याला कुंपणाच्या फटीपाशी आणून उभं केलं. तो साधा माणूस होता, पायांत तुटक्या चपला, हातात रिकामी पोती. त्याने आईला नमस्कार केला. “ताई, झाडं नेतो म्हन्तो. माह्या बाच्या जागी लावतो. पहिला बहर तुमाले आनून देईन.”

मला वाटतं, त्याने असं विचारलं असतं आणि काकू मागे उभी नसती, तर आई विरघळली असती. पण काकू मागे उभी होती आणि ती म्हणाली, “इचारतो काय? उचल.”

आई घरात गेली आणि छाटणीची कात्री घेऊन आली.

“डोये पाह्यजेत न तुले?” ती म्हणाली. शेळीशी नाही, रोपांशी नाही, सरळ काकूशी. “घे तुहे डोये.”

पहिल्या पिशवीपाशी ती वाकली. खट् असा आवाज झाला आणि हातभर उंचीचं, चकचकीत हिरव्या पानांचं रोप तिच्या हातात आलं. तिने ते कुंपणावरून तिकडे फेकलं. “घे!” दुसरं. “घे!” तिसरं. मी “आई, आई” म्हणत तिचा पदर ओढत होते. तिने कोपराने मला बाजूला सारलं. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती वाकून-वाकून गेली. घामाने तिचं कुंकू ओघळलं होतं. हवेत संत्र्याच्या पानांचा इतका वास भरला होता, की घशात कडू लागत होतं. शेवटचं रोप फेकून ती म्हणाली, “माहा खुंट माह्यापाशी. झगडा खतम,” आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

काकू ओरडली नाही.  ती खाली बसली आणि एकेक फांदी उचलून पोत्यावर ठेवू लागली. भावाने पोतं ओलं केलं. कापलेली फांदी म्हणजे डोळे उचलायची डोळकाडीच असते, ओल्या पोत्यात काही दिवस जिवंत राहते. खुंट मिळाले तर डोळे भरता येतील, असं तो म्हणाला. रिकाम्या टेम्पोत ते एक पोतं घेऊन तो गेला.

आठवड्याने निरोप आला. कुणाकडून तरी खुंट मिळाले होते, पण त्यांना पाणी पोचलं नव्हतं, साल सुटत नव्हती. एकही डोळा धरला नाही. त्याच महिन्यात आंगणातल्या मूळ झाडाची शेवटची हिरवी फांदी वाळली.

मी अमरावतीला परतले. त्या वेळी मला आईचा इतका राग आला होता, की मी तिला महिनाभर एकदाही बूथवरून फोन केला नाही. परीक्षेत कलमाचा प्रश्न आला. मी आकृती नीट काढली आणि गुण चांगले मिळाले.

पोळ्याला घरी गेले. आंगणात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, शेळीशीसुद्धा नाही. पिशव्या तशाच ओळीत होत्या, त्यांत वीत-दीड वीत उंचीच्या काड्या उभ्या. मी पाहायला वाकले. प्रत्येक काडीवर कोवळे, लालसर हिरवे कोंब फुटलेले होते. कुठे दोन, कुठे तीन. खुंटाला जंबेरीच फुटणार, असं मी मनाशी म्हटलं. तसा एखादा कोंब जोडाच्या खाली होताही. पण बाकीचे सगळे जोडाच्या वर होते, म्हणजे संत्र्याचे.

मी दुसरी पिशवी पाहिली. तिसरी. प्रत्येक रोप जोडाच्या वर चार बोटं ठेवून कापलेलं होतं. तिरपं. उतार डोळ्याच्या उलट्या अंगाला.

“आई, इकडे ये,” मी हाक मारली.

आई बैलांच्या नैवेद्याचं पुरण वाटत होती. हात तसेच घेऊन आली. वाकून पाहिलं. एका रोपाचं पाहिलं, मग शेजारच्याचं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने त्या दिवशी जोडाखालून कापायचं ठरवलं होतं. रागात, ओरडत, घामाने डोळे भरलेले असताना तिचा हात मात्र ठरल्या जागी, ठरल्या तिरक्या रेषेत चालत गेला होता. तिला तेवढं एकच कापणं येत होतं.

काकू कुंपणापाशी कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. ती त्या कापांकडे पाहत होती. मग म्हणाली,

“काटाले बी माह्याचपासून शिकली.”

असा घाव आईला उभ्या आयुष्यात कुणी घातला नसेल. ती ताडकन उठली. मला वाटलं, आता ती कात्री आणते आणि उरलेलं संपवते. खरं म्हणजे ती एकदा दाराकडे वळलीही. काकूचा हात पऱ्हाटीवर घट्ट झाला होता. आता जोडाखाली एकेक काप, आणि तिच्या बापाच्या झाडाचं जगात काही उरणार नव्हतं. हे तिलाही कळत होतं, आईलाही, आणि मलाही.

आई परत फिरली. पुरणाने भरलेला हात तिने पदराला पुसला. खाली बसली. समोरच्या रोपाच्या जोडाखाली जंबेरीचा एक कोंब जोमाने वर आला होता, तिचा स्वतःचा खुंट फुटला होता. डोळ्याचं बळ तो खातो. तिने तो अंगठ्याने कट्दिशी मोडला आणि फेकून दिला. मग दुसऱ्या रोपाचा. मग तिसऱ्याचा. तसंच पुढे सरकत गेली.

“रोपं इथंच राहतीन,” ती मान वर न करता म्हणाली. “कोनी नेल्ले तं तंगडं तोडीन.”

“बाप रे,” काकू म्हणाली. “मोठी आली तंगडं तोडनारी.” पण ती जागची हलली नाही. आई ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत ती कुंपणाला धरून उभी होती.

आईने ते मुद्दाम केलं होतं का, हे मी तिला नंतर विचारलं आहे. “मले काय माईत. हात चालून राह्यला होता,” एवढंच ती सांगते, आणि पुन्हा विचारलं तर चिडते.

ती रोपं तिथेच राहिली. आई नेऊ देईना आणि स्वतःही उचलीना. उचलली असती तर काकूने आंगण डोक्यावर घेतलं असतं. वर्ष-दोन वर्षांत मुळं पिशव्या फाडून जमिनीत गेली. काही मेली, बाकीची एकमेकांच्या अंगावर वाढली. आज तिथे कुंपणाला लागून संत्र्याची एक दाट, वेडीवाकडी भिंत आहे. कुठलाही कृषी अधिकारी पाहील तर डोक्याला हात लावेल. पऱ्हाट्यांचं कुंपण केव्हाच कुजून गेलं, त्याची आता गरज नाही. पण फळ तेच आहे. आधी आंबट, मग गोड. चाचा असते तर त्यांना ओळखू आलं असतं.

दर हिवाळ्यात काकू तिच्या बाजूने हात घालून डोळकाड्या कापते आणि ओल्या पोत्यात बांधून भावाकडे पाठवते. आई दरवर्षी “चोट्टी!” म्हणून ओरडते. काकू दरवर्षी “माहे डोये हायेत,” म्हणते. वरुडला तिच्या वडिलांच्या जागेवर आता पुन्हा बाग आहे. पहिला बहर आला तेव्हा तो साधा माणूस खरोखरच पिशवीभर फळं घेऊन आईकडे आला होता. आईने ती ठेवून घेतली, आणि तो गेल्यावर मला म्हणाली की आपल्यापेक्षा साल जाड आहे.

मी नोकरीमुळे अकोल्याला राहते. मला जे मिळालं ते त्या आंगणातून मिळालं, हे मी रोज मानते, आणि त्या आंगणात दोन दिवसांपेक्षा जास्त मला राहता येत नाही, हेही खरं आहे. परवा आईचा फोन आला. तब्येत, पाणी, शेजारचं लग्न, सगळं सांगून झालं आणि मग ती आवाज खाली आणून म्हणाली,

“आज तिनं काड्या नेल्ल्या. सरय काटल्या वो, एकदम सरय. तिरपं नाई. म्हातारी झाली आता.”

“मग?”

“मंग काय? मले राह्यवलं नाई. म्हटलं, तिरपं काट, उतार डोयाच्या उलट्या आंगाले. पानी बसन तं सडन.”

“काकू काय म्हणाली?”

“म्हने, मले शिकवते काय वो, दर्यापूरवाले?” आई म्हणाली. “पन काटलं मंग तिरपं.”